टोकियोतली साडीची पिशवी

जपानला जाऊन आलेला माणूस तुम्हाला फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि बटणांचं कमोड यांबद्दल तासभर ऐकवतो. केळ्याच्या सालीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. खरं तर टूरवाल्यांनी व्हिसाच्या कागदांबरोबर एक छापील सूचना द्यायला हवी: या देशात रस्त्यावर कचरा टाकायला जागा मिळणार नाही, तरी जेवढं सांभाळता येईल तेवढंच खावे.

आमच्या टूरमध्ये टोकियोतला एक दिवस मोकळा होता. मोकळा म्हणजे खाण्यापिण्याचं ज्याचं त्याने बघायचं. आम्ही तिघं: मी, बायको आणि बायकोचे मामा. मामा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण घरातल्या चार माणसांनाही ते अजून ‘पुढे सरका’ म्हणतात. तिघेही शाकाहारी. आणि तिथे समोर मासा दिसला नाही म्हणजे तो नाही असं होत नाही. साधं, निरागस दिसणारं मिसो सूप घ्यावं, तर त्याच्या मुळाशी ‘दाशी’ नावाचा उकळून काढलेला अर्क असतो आणि दाशीत बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे. म्हणून बायकोने घरूनच दशम्या आणि लसणाची चटणी बांधून आणली होती. जोडीला कोपऱ्यावरच्या दुकानातून केळी घेतली. तिथे केळं एकेक सुटं मिळतं आणि प्रत्येकाला प्लास्टिकचा अंगरखा असतो. देवाने दिलेलं साल त्यांना पुरेसं वाटलेलं नाही. पिशवी मागितली तर तिचे तीन येन वेगळे. २०२० च्या जुलैपासून तिकडे पिशव्यांना पैसे पडतात. मामांनी बाणेदारपणे नकार दिला.

सुमिदा नदीकाठच्या बाकावर बसून पोटभर खाल्लं. ढेकर देऊन उठलो आणि लक्षात आलं की हातात दशम्यांचा फॉइल, चटणीची तेलकट पिशवी, तीन सालं, तीन अंगरखे आणि पुसून पिवळे झालेले कागदी रुमाल एवढा ऐवज आहे आणि नजर पोचेल तिथपर्यंत कचराकुंडी नाही.

टूर मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, “काका, २० मार्च १९९५ ला इथल्या मेट्रोत ओम शिन्रिक्यो पंथाने सरीन नावाचा विषारी वायू सोडला होता. त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक जागांमधल्या कुंड्या काढल्या, त्यातल्या बऱ्याचशा परत आल्याच नाहीत. लोक आपला कचरा घरी घेऊन जातात.”

“आपलं घर दादरला आहे म्हणावं,” मामा म्हणाले.

शेवटी बायकोने पर्समधून एक पिशवी काढली. मराठी बाई परदेशी निघाली की पासपोर्ट एकदा तपासते आणि पिशव्या दोनदा. पण ही नेमकी साडीच्या दुकानाची निघाली: जाड चकचकीत कागद, सोनेरी काठ, रेशमी दोरीचे बंद. सगळा ऐवज तिच्यात गेला आणि मामांनी ती माझ्यापुढे केली. “जावईबापू, हे धरा.” अधिक महिन्यात ज्या हातांवर चांदीच्या ताटातून अनारसे ठेवले होते, त्याच हातांवर.

पुढे आसाकुसा भागात फिरलो म्हणजे कुंडी शोधत फिरलो. पेयांच्या यंत्राशेजारी डबा असतो, पण त्याला बाटलीच्या मापाचं गोल भोक. साल गुंडाळून बाटलीच्या आकाराची करता येईल, अशी एक सूचना मामांकडून आली. सेन्सोजी देवळासमोरच्या नाकामिसे गल्लीत ‘ओकोशी’ मिळते. चावून पाहिली तर चक्क कुरमुऱ्याच्या चिक्कीची बहीण. दुकानदाराने हसून खूण केली: इथेच उभे राहून खा, कागद मला परत द्या. बायकोने कागद दिला. त्याच ओघात मामांनी खिशातून एक पिवळा रुमाल पुढे केला. दुकानदार तितकाच गोड हसला, कमरेत वाकला आणि तो नाकारला. आपल्या दुकानचा कचरा आपला, बाहेरचा ज्याचा त्याने बघावा. मामांना हे मनापासून पटलं. एका बसचं तिकीट दुसऱ्या बसमध्ये चालतं का?

देवळात भविष्य काढायची सोय आहे. शंभर येन टाकायचे, धातूचा डबा खडखडवायचा, भोकातून काडी निघते, तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडून कागद घ्यायचा. इंग्रजीतही मजकूर असतो. चांगलं निघालं तर कागद जवळ ठेवायचा. वाईट निघालं तर तिथल्याच तारांवर बांधून निघून जायचं. अख्ख्या टोकियोत मागे टाकून जायला परवानगी असलेला एवढाच कागद मला दिसला. बायकोचं भविष्य वाईट निघालं: आजारपण लांबेल, हरवलेली वस्तू सापडणार नाही. तिने आनंदाने बांधून टाकलं. मामांचं सर्वोत्तम निघालं. विवाहयोगसुद्धा उत्तम! मामा खट्टू झाले. “म्हणजे हाही बाळगायचा?”

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर, एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेनचं देऊळ आहे. तिथला देव म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला आपला गणपती. मूर्तीचं दर्शन होत नाही, ती पडद्याआडच असते. आणि या गणपतीला मुळा चढवतात. पांढरा, मनगटाएवढा जाड, पाल्यासकट. देवळात जिकडेतिकडे एकमेकांत गुंतलेले दोन मुळे कोरलेले आहेत आणि नैवेद्याचे मुळे तिथेच विकतही मिळतात. मामांना गणपतीबद्दल काही शंका नव्हती, मुळ्याबद्दल होती. “वासाचं काय करत असतील?”

वासाचा विषय मामांनी काढायला नको होता. दुपारच्या उन्हाने माझ्या हातातल्या पिशवीतली चटणी जागी झाली होती. तेवढ्यात मुळे विकायच्या खिडकीमागच्या बाईंनी ती पिशवी पाहिली. सोनेरी काठ पाहिले, रेशमी दोरी पाहिली, आणि देवाला काही आणलंय असं समजून अदबीने दोन्ही हात पुढे केले. मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. इतका मोह मला अख्ख्या प्रवासात कुठल्याही दुकानात झाला नव्हता.

“अहो!” बायको म्हणाली. “गणपती आहे तो!”

पिशवी घेऊन पायऱ्या उतरलो.

परतीला गिन्झा लाइन धरली. १९२७ साली सुरू झालेली, आशियातली पहिली भुयारी रेल्वे. डबा भरलेला आणि तरी शांत. तिकडे गाडीत फोनवर बोलत नाहीत, आपसातलं बोलणंही हळू. अशा शांततेत लसूण फार मोठ्याने येतो. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. फक्त माझ्या शेजारचा माणूस पुढच्या स्टेशनवर उतरला आणि पलीकडच्या दारातून परत चढला. मामा कुजबुजले, पण कंडक्टरची कुजबुज ती: “आत जागा आहे, आत जागा आहे!” मराठी कोणाला कळणार होतं? तरी चार माणसं आत सरकली.

हॉटेलच्या खोलीत कुंडी होती, चहाच्या पेल्याएवढी. खाली पॅसेजमध्ये मोठे डबे होते, त्यांवर चित्रं: जळणारं एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे, बाटल्या तिसरीकडे. बायकोने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि निवडायला बसली. साली जळणाऱ्यात, अंगरखे प्लास्टिकमध्ये. प्रश्न फॉइलचा आला. मी ते रिसेप्शनवर नेलं. तिथल्या मुलीने तक्ता काढला, बोट फिरवलं, मान तिरकी केली आणि आतून वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी फॉइल उलटसुलट पाहिलं. मग दोघांनी वाकून, पैसे ठेवायच्या छोट्या तबकात ते स्वीकारलं. आमच्या दशम्यांच्या फॉइलला एवढा मान घरी कधी मिळाला नसता.

मामांनी आपलं सर्वोत्तम भविष्य तेवढ्यात चुरगळून पेल्याच्या दिशेने भिरकावलं. नेम चुकला, कागद बाहेर पडला, तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर तो टेबलावर होता. सुरकुत्या हाताने सपाट केलेल्या, चारी कोपरे जुळवलेले, वर वजन म्हणून हॉटेलचं पेन. पडलेली वस्तू पाहुण्याची, ती टाकायची कशी?

मामा बराच वेळ कागदाकडे बघत उभे राहिले. मग पायात बूट घालू लागले.

“अगं, शंभर येनची नाणी किती आहेत तुझ्याकडे?”

“कशाला, मामा?”

“देवळात जाऊन येतो. वाईट निघेपर्यंत काढणार, आणि मग दोन्ही एकदम बांधून टाकणार.”