रोपं मोजून झाली असतील तर नायजरचे बुडखे बघा

‘अमुक कोटी रोपं लावली’ अशी बातमी आली की मला एकच विचारावंसं वाटतं, त्यातली जगली किती? सांगणार कोण? तोवर प्रकल्प गुंडाळलेला असतो.

गरीब देशांतल्या शेती आणि वनसंशोधनावर बाहेरून जो पैसा येतो, त्याचा हिशेबच चुकीच्या जागी मांडला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातला मरादी भाग घ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे झाडं लावत होते आणि बहुतेक झाडं मरत होती. १९८३ मध्ये त्यांचं लक्ष शेतातल्या खुरट्या झुडपांकडे गेलं. ती झुडपं नव्हतीच. तोडलेल्या झाडांच्या बुडख्यांना फुटलेले धुमारे होते ते! मुळं जमिनीखाली जिवंत. शेतकरी दर हंगामाला धुमारे कापायचा, ते पुन्हा फुटायचे. मग चार-पाच जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढंच काम उरलं. रोपवाटिका नाही, पाणी घालणं नाही. पुढच्या वीसेक वर्षांत नायजरमध्ये अशी झाडं सुमारे ५० लाख हेक्टरांवर पसरली. बरं, राखणीची ही रीत तिथल्या शेतकऱ्यांना अगदीच परकी नव्हती.

मग इतकी वर्षं अडलं कुठे? फ्रेंच वसाहतीच्या काळापासून झाड सरकारी मालकीचं. स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तरी दंड. अशाने झाड वाढू कोण देईल? हा जाच व्यवहारात सैल झाला, तेव्हा लोक झाडं राखू लागले. त्यात शेती एका खात्याकडे, झाडं दुसऱ्याकडे. तिथला ‘गाओ’ वृक्ष पावसाळ्यात पानं गाळतो, म्हणजे बाजरीवर सावली धरत नाही; उन्हाळ्यात हिरवा राहतो, शेंगा गुरांना होतात, जमिनीला नत्र मिळतं. आता सांगा, हे झाड कोणत्या खात्याचं?

याचा अर्थ प्रयोगशाळांना टाळं लावा असा मुळीच नाही. गावातलं शहाणपण जिथे पुरत नाही तिथे शास्त्रज्ञच लागतो. १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत शिरलेल्या पिठ्या ढेकणाने कसावा या कंदाचं पीक फस्त करायला घेतलं. नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन केंद्रात हान्स हेरेन यांनी त्याचा नैसर्गिक शत्रू शोधायला घेतला. १९८१ मध्ये पॅराग्वेत एक इवलासा परोपजीवी कीटक सापडला. तो आफ्रिकेत वाढवून सोडला, अगदी विमानांतूनसुद्धा, आणि कसावा वाचला. शेतकऱ्याला फवारणीचा खर्चही नाही. हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

शत्रूकीटक सापडेपर्यंत दाखवण्यासारखं काहीच हाती नव्हतं. आजच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात हे बसवून दाखवा. पहिलं वर्ष नेमणुकांत, दुसरं कार्यशाळांत, आणि तिसऱ्या वर्षी गुळगुळीत कागदावर अंतिम अहवाल, मुखपृष्ठावर रोप हातात धरलेलं हसरं मूल.