सामाईक सर्व्हरवर आरची पॅकेजेस आणि लिहिण्याचा अधिकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर आर या संख्याशास्त्रीय भाषेची पॅकेजेस, म्हणजे तयार फंक्शन्सचे संच, कुठे ठेवावीत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ती ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. तुम्ही एका महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागात शिकवता आणि विभागाचा सामाईक सर्व्हर सांभाळता. प्रत्येकाने आपली पॅकेजेस आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवावीत, हा माझा सल्ला तुम्हाला पुस्तकी वाटतो, कारण प्रत्येक विद्यार्थी टायडीव्हर्स हा पॅकेजेसचा संच वेगळा कंपाइल करत (मूळ कोडमधून बांधत) बसला तर तास संपतो आणि डिस्क भरते. वापरकर्त्यांचा गट करून पाहिला, पण एकाने टाकलेले पॅकेज दुसऱ्याला अद्ययावत करता येईना, आणि याचा दोष तुम्ही उमास्कला, म्हणजे नव्या फाइलींच्या परवानग्या कमी करणाऱ्या सेटिंगला, दिला आहे. शेवटी तुम्ही सुडो (रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) लावून आर उघडू लागलात आणि लायब्ररीच्या, म्हणजे पॅकेजेस ठेवण्याच्या, फोल्डरला ७७७ परवानगी (सर्वांना लिहिण्याची मुभा) दिलीत. शिकवण्याच्या मशीनवर हल्ला करायला कोण येणार आहे, असे तुम्ही विचारता; आणि तरीही ते ७७७ काढायचे झाले तर कसे काढावे, हेही विचारता.

वेळेची आणि डिस्कची अडचण खरी आहे, तिच्याकडे पुढे येतो. पण आधी हल्ल्याच्या मुद्द्याविषयी लिहायला हवे, कारण परवानग्या केवळ बाहेरच्या शत्रूसाठी असतात, हे गृहीतकच मला मान्य नाही. सर्वांना लिहिता येणाऱ्या लायब्ररीत सर्वाधिक नुकसान होते ते कोणाच्याही मनात काही वाईट नसताना. तास चालू आहे, सगळ्यांनी डीप्लायर हे पॅकेज लोड केले आहे, आणि एका विद्यार्थ्याने इंटरनेटवर वाचून त्याची नवी आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये चढवली, अशी कल्पना करा. आर पॅकेजमधील सगळी फंक्शन्स सुरुवातीलाच मेमरीत आणत नाही. कोणते फंक्शन डिस्कवरच्या फाइलमध्ये कोणत्या जागी आहे, याची नोंद ती वाचून ठेवते आणि गरज पडेल तेव्हा तेवढा भाग उचलते. मधल्या काळात फाइल बदलली की ती नोंद निरुपयोगी होते आणि बाकीच्यांच्या पडद्यावर ‘लेझी-लोड डेटाबेस इज करप्ट’ ही एरर येते. ज्याचे काम अडले त्याने काहीच केलेले नसते, आणि ज्याने केले त्याला आपण काही केले याची गंधवार्ता नसते. शिकवणाऱ्याला मात्र दोष कोडमध्ये शोधत बसावे लागते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पॅकेज लोड होताच त्यातला काही कोड आपोआप चालतो, आणि तो चालतो लोड करणाऱ्याच्या अधिकाराने. त्यामुळे लायब्ररीत कोण लिहू शकतो, हा प्रश्न विचारताना आपण खरे तर इतरांच्या नावावर कोणाचा कोड चालावा, हे ठरवत असतो. ७७७ असलेल्या फोल्डरमध्ये एखाद्या विद्यार्थ्याने जीजीप्लॉटमध्ये चार ओळी घातल्या, तर त्या तुम्ही जीजीप्लॉट लोड करताना तुमच्या अधिकाराने चालतील. आणि तुम्ही सुडो लावून आर उघडली असेल, तर रूटच्या अधिकाराने चालतील. तुमच्या दोन उपायांपैकी प्रत्येक धोक्याचा आहेच, पण एकत्र आल्यावर कोणत्याही विद्यार्थ्याला संपूर्ण मशीनचा मालक होण्याची वाट मोकळी होते. परीक्षेचे गुण आणि प्रश्नपत्रिका त्याच मशीनवर असतील, तर हा धोका काल्पनिक म्हणून सोडून देता येणार नाही.

सुडोबद्दल आणखी थोडे. सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, पॅकेज इन्स्टॉल होताना त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट असेल तर ती चालते. ती साधी शेल स्क्रिप्ट असते आणि तिला काहीही करता येते. आर रूट म्हणून चालू असेल तर तीही रूट म्हणूनच चालते. क्रॅनवर, म्हणजे आरच्या अधिकृत पॅकेज-भांडारात, पॅकेज स्वीकारण्यापूर्वी तपासण्या होतात, पण पॅकेजेसची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आहे, आणि गिटहबवरून थेट घेतलेल्या पॅकेजला तेवढीही चाळणी लागत नाही. काही ठिकाणी ‘सहायकाला फक्त आरपुरताच सुडो दिला आहे’ असे समाधान मानले जाते. ते फसवे आहे, कारण आरमध्ये सिस्टम नावाचे फंक्शन आहे आणि त्यातून कोणतीही शेल आज्ञा देता येते. आरचा सुडो म्हणजे सगळ्याचा सुडो. ७७७ देतानाही हात थोडा घसरला आणि आज्ञा आरच्या फोल्डरऐवजी सिस्टमचे प्रोग्रॅम असलेल्या संपूर्ण यूएसआर फोल्डरवर खालपर्यंत चालली, तर सुडोच्या फाइलवरचा सेटयूआयडी बिट (ती कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालावी, ही खूण) पुसला जातो आणि सुडोच चालेनासा होतो. म्हणजे जी परवानगी वापरून चूक केली, ती चूक सुधारायला तीच परवानगी उरत नाही.

आता तुमच्या गटाविषयी. गटाचा मार्ग योग्य होता आणि तो तुम्ही सोडायला नको होता. उमास्क येथे आडवा येत नाही, कारण आरचा इन्स्टॉलर लायब्ररीच्या फोल्डरला गटाची लेखन-परवानगी आहे का ते पाहतो आणि असेल तर उमास्क काहीही असला तरी नव्या पॅकेजलाही ती देतो. अडते ते बहुधा सेटजीआयडी बिटवर, म्हणजे नव्या फाइलींना फोल्डरचाच गट देणाऱ्या खुणेवर. फोल्डरची परवानगी केवळ ७७५ (मालकाला आणि गटाला लिहिता येते, इतरांना फक्त वाचता येते) असेल, तर त्यात तयार होणाऱ्या फाइलींचा गट हा टाकणाऱ्याचा स्वतःचा प्राथमिक गट होतो, आणि उबुंटूवर प्रत्येकाचा प्राथमिक गट त्याचा एकट्याचाच असतो. गटाला लिहिता येते खरे, पण त्या गटात दुसरे कोणी नसते. परवानगी २७७५ केली (सुरुवातीचा २ म्हणजे हा बिट) की नव्या फाइली फोल्डरच्याच गटाच्या होतात. आधी टाकलेल्या पॅकेजेसचा गट मात्र एकदा हाताने बदलावा लागतो. शिवाय गटात नव्याने घेतलेल्या व्यक्तीने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केले नाही, तर जुन्या सत्रात तिला नवा गट लागूच होत नाही. सर्व्हरवर सत्रे दिवसेंदिवस उघडी राहतात, म्हणून हे हमखास घडते.

डेबियन (उबुंटू जिच्यावर आधारलेली आहे ती प्रणाली) आणि उबुंटूवर यूएसआर-लोकलमधील साइट-लायब्ररीचा, म्हणजे सर्वांच्या सामाईक लायब्ररीचा, गट मुळात ‘स्टाफ’ असतो आणि हा बिटही लावलेला असतो. तरीही शिक्षकांना स्टाफ गटात घालावे, असे मी सुचवणार नाही. डेबियनच्या परंपरेत हा गट संपूर्ण यूएसआर-लोकलसाठी आहे, आणि तेथील आज्ञा सिस्टमच्या आज्ञांच्या आधी सापडतात. त्यापेक्षा आरपुरता वेगळा गट करावा, वेगळे फोल्डर करावे, त्यात जबाबदारी घेणारे दोन-तीन शिक्षकच असावेत आणि विद्यार्थ्यांना केवळ वाचता यावे. हे शिक्षक पॅकेजेस टाकतील ती आपल्या साध्या खात्यातून. रूटचा संबंधच येणार नाही. नव्या फोल्डरचा पत्ता आरच्या सर्वांसाठीच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये, म्हणजे रेन्व्हिरॉन-साइटमध्ये लिहावा. तो लिहिताना आधीचे पत्तेही सोबत लिहायला विसरू नका. नवी किंमत जुनीच्या जागी बसते, तिच्यात मिसळत नाही, आणि मग एप्टने, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकण्याच्या साधनाने, टाकलेली पॅकेजेस अचानक दिसेनाशी होतात.

वेळेच्या अडचणीवरचा उपाय एप्टमध्येच आहे. जी पॅकेजेस सगळ्यांना लागतात, ती सोर्समधून कंपाइल करण्याची गरज नाही. टायडीव्हर्स, एलएमई-४, एसएफ ही पॅकेजेस आधीच बांधलेल्या, म्हणजे बायनरी, स्वरूपात उबुंटूच्या भांडारात असतात. एसएफ सोर्समधून बांधायचे तर जीडॅल, जिऑस आणि प्रोज या भौगोलिक सॉफ्टवेअरच्या डेव्हलपमेंट फाइली आधी हव्यात, आणि त्या टाकायला शेवटी रूट लागतोच. एप्टमधून घेतल्यास असे आवश्यक सॉफ्टवेअर आपोआप सोबत येते. भांडारातील आवृत्त्या जुन्या वाटत असतील, तर डेबियनवर आर वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या डर्क एडेलब्यूटेल यांचा आर-टू-यू हा प्रकल्प पाहा. उबुंटूच्या दीर्घमुदतीच्या आवृत्त्यांसाठी जवळजवळ सगळे क्रॅन त्यात बायनरी स्वरूपात मिळते. माझ्या मते रूटचा अधिकार वापरण्याची जागा एवढीच असावी. पायथॉनच्या जगातही विचार याच दिशेने गेला आहे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिप हे पायथॉनची पॅकेजेस टाकणारे साधन सिस्टमच्या पायथॉनमध्ये काही टाकायला सरळ नकार देते.

मग होम फोल्डरमध्ये उरते ते प्रत्येकाच्या संशोधनाला लागणारे थोडेसे. त्यालाही किंमत आहे, आणि तुम्ही तिचा उल्लेख केला नसला तरी मी करतो. आर आधी वैयक्तिक लायब्ररी पाहते, नंतर सामाईक. विद्यार्थ्याच्या होममध्ये डीप्लायरला लागणाऱ्या आरलँग या पॅकेजची जुनी प्रत पडून असेल आणि तुम्ही सामाईक डीप्लायर अद्ययावत केलेत, तर त्या एकट्याला ‘अमुक आवृत्ती आधीच लोड झाली आहे, पण याहून नवी लागते’ अशा अर्थाची एरर येते. अशा वेळी लिबपाथ्स या फंक्शनने आर कोणत्या फोल्डरांत कोणत्या क्रमाने शोधते ते पाहावे आणि होममधली प्रत काढून टाकावी. आर ४.३ वरून ४.४ वर गेली की ‘माझी सगळी पॅकेजेस गेली’ अशी तक्रारही येते. ती गेलेली नसतात. वैयक्तिक लायब्ररीच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे नवी आर नव्या फोल्डरकडे पाहते. प्रबंधाचे काम करणाऱ्यांनी मात्र रेन्व्ह हे प्रत्येक प्रकल्पाची वेगळी लायब्ररी ठेवणारे पॅकेज वापरावे, म्हणजे सर्व्हरवर काहीही बदलले तरी त्यांच्या प्रकल्पातील आवृत्त्या जागच्या जागी राहतील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. केवळ परवानगी पुन्हा ७५५ (फक्त मालकाला लिहिता येईल अशी) करून भागणार नाही, कारण दरम्यान त्या फोल्डरमध्ये कोणी काय लिहिले हे कळायला मार्ग नाही. सुट्टीत, कोणाचेही सत्र उघडे नसताना, इन्स्टॉल झालेल्या पॅकेजेसच्या नावांची यादी काढून ठेवा. सामाईक लायब्ररीचे फोल्डर नाव बदलून बाजूला करा, तेथील पॅकेजेस वापरू नका, आणि यादीतली नावे घेऊन नव्या फोल्डरमध्ये सगळे नव्याने टाका. यूएसआर-लिबमधील आरच्या फोल्डरलाही ७७७ दिले असेल, तर आरचे मूळ पॅकेज आणि आर-क्रॅन या नावाने सुरू होणारी सर्व पॅकेजेस एप्टने पुन्हा इन्स्टॉल करा. त्याने फाइली ताज्या येतील, पण आधीपासून असलेल्या फोल्डरांच्या परवानग्या डीपीकेजी (एप्ट ज्याच्याकरवी फाइली टाकते ते साधन) बदलत नाही, म्हणून त्या हाताने ७५५ कराव्या लागतील, आणि कोणत्याही पॅकेजच्या नोंदीत नसलेल्या जास्तीच्या फाइली शोधून काढाव्या लागतील. पूर्वी सुडोने चालवलेल्या आरमुळे कोणाच्या होममध्ये रूटच्या मालकीची ००लॉक फोल्डरे (इन्स्टॉल चालू असताना बनणारी तात्पुरती कुलुपे) अडकली असतील, तर तीही याच वेळी काढून टाका. ती रिकामी नसतील तर विद्यार्थ्याला स्वतःला काढता येत नाहीत, आणि ती असेपर्यंत ते पॅकेज त्याच्याकडे इन्स्टॉल होत नाही.