‘असावा’ इंग्रजीत कुठे जातो?

सध्या एम.ए.च्या मुलांचे इंग्रजीत लिहिलेले लघुप्रबंध तपासतेय. सुरुवातीच्या आभारात पानभर नम्रता: आदरणीय सर, आदरणीय मॅडम, मी आपली शतशः ऋणी. पान उलटलं की थेट ‘हे अभ्यासक साफ चुकले आहेत’, ‘यावरून सिद्ध होतं की’. कशावरून? बडोद्याच्या दांडिया बाजारात वीस जणांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून!

मुलं उद्धट नाहीत हो. घरी मराठी, बाहेर गुजराती, भाई-बेन लावल्याशिवाय कुणाला हाक मारणार नाहीत. पण इंग्रजीतला सभ्यपणा म्हणजे ‘रिस्पेक्टेड’ आणि ‘काइंडली’, एवढंच आम्ही त्यांना शिकवलं. दोष आमचा आहे. अभ्यासाच्या इंग्रजीत सभ्यपणा क्रियापदात असतो: ‘मे’ (असू शकतं), ‘सजेस्ट’ (सुचवतं), ‘सीम’ (दिसतं).

डीएनएची रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा ‘नेचर’मधला लेख मी वर्गात वाचून घेते. जेमतेम पानभराचा. एवढा मोठा शोध, पण सुरुवात ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशी. पाउलिंग आणि कोरी या शास्त्रज्ञांनी आधी मांडलेली रचना खोडायचीय, तर आधी कृतज्ञतेनं सांगतात की त्यांनी आपला लेख छापण्याआधीच आम्हाला वाचायला दिला. मग ‘आमच्या मते’ ती रचना समाधानकारक नाही, आणि लगेच दोन कारणं. खोडलं पुरतं, पण माणसाला नाही, म्हणण्याला.

एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ‘मे’ लिहिलं तर मलाच खात्री नाही असं वाटेल ना?”

मी म्हटलं, “‘रात्री पाऊस पडला असावा’ असं तू कधी म्हणतेस?”

“सकाळी अंगण ओलं दिसलं की.”

म्हणजे पुरावा आहे, पाऊस मात्र पाहिलेला नाही. नेमकं तेवढंच ‘असावा’ सांगतो. हे तिला लहानपणापासून येतं, इंग्रजीत लिहिताना मात्र हरवतं.

अर्थात सगळीकडे ‘मे’ पेरणंही मला पटत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. इथे ‘असावं’ कशाला? केलंच. त्यामुळे अमुक घराण्यातल्या मुली शिकल्या, असं म्हणायचं असेल तिथे मात्र ‘असाव्यात’ हवं, निदान कागदपत्रं हाती येईपर्यंत तरी.

काल तिनं प्रकरण परत आणून दिलं. ‘सिद्ध होतं’ सात ठिकाणी होतं, आता एकाच ठिकाणी उरलंय. ते राहू द्यायचं की नाही, यावर आज आम्ही दोघी बसणार आहोत.