५ चे १० वॅट केले म्हणून रेंज दुप्पट होत नाही

“वॉकी-टॉकी घेताना वॅट बघा. ५ वॅटचा सेट ५ किलोमीटर जातो, १० वॅटचा १०. लांब पोचवायचं तर मोठ्याने बोला. आतला फिल्टर काढला की वॅट आणखी वाढतात.” ट्रेकर्सच्या ग्रुपांवर हा सल्ला पुन्हा फिरतोय. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल एक चतुर्थांश उरतो. म्हणून दुप्पट रेंजला चौपट वॅट लागतात; ५ चे १० केले तर फार तर १.४ पट, तेही मध्ये काही आडवं आलं नाही तर. आणि आपल्याकडे डोंगर आडवा येतोच! हातातल्या सेटच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दीड मीटरवर धरलेल्या सेटचं क्षितिज सपाटीवर साधारण ५ किलोमीटर. सिंहगडाचा माथा पुण्याहून सुमारे ७५० मीटर उंच. तिथून तेच क्षितिज ११० किलोमीटरच्या पुढे जातं. हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, तर ५ वॅटच्या सेटवरून ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकाशी बोलली आहेत.

ओरडण्याचं थोडक्यात. पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबल्यावर माइकचा आवाज लिमिटरमधून (आवाजाला मर्यादा घालणारा भाग) ऑसिलेटरकडे (लहर तयार करणारा भाग) जातो आणि त्याची फ्रिक्वेन्सी किंचित वर-खाली हलवतो. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ही हालचाल २.५ किलोहर्ट्झपर्यंतच, त्यापुढचं लिमिटर छाटतो. या पद्धतीत, म्हणजे एफएममध्ये, गप्प बसून बटण दाबलं तरी वॅट तेवढेच बाहेर पडतात. ओरडलात तर पलीकडे फाटका आवाज पोचतो.

फिल्टरचा सल्ला मात्र खोडसाळ आहे. शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर, म्हणजे ‘फायनल’, लहर वाढवताना तिच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचा कचराही तयार करतो. १४५ मेगाहर्ट्झवर बोलत असाल तर २९० आणि ४३५ वर. अँटेनाआधीचा लो-पास फिल्टर, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीच्या खालचंच पुढे सोडणारा भाग, तो अडवतो. फिल्टर काढल्यावर साधा वॅटमीटर जास्त आकडा दाखवेलही, कारण तो कचराही मोजतो. तुमचा मित्र ऐकतोय १४५ वर, त्याला त्यातलं काही मिळत नाही. त्रास होतो तो ४३५ वर बोलणाऱ्या हॅमना.

जिथे पैसे घालायला हवेत त्या अँटेनाबद्दल या सल्ल्यात चकार शब्द नाही. १४५ वर पाव तरंगलांबी भरते सुमारे ५० सेंटिमीटर. सेटसोबतची आखूड रबरी अँटेना खिशाच्या सोयीची असते, सिग्नलच्या नाही. फक्त बदलताना पीटीटीला हात लावू नका. अँटेनाशिवाय पॉवर उलटी फिरते आणि फायनल जळू शकतो.