'कर भरतो, मग कचरा पालिकेचा': हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवरच्या मेसेजचं काय करायचं?

आमच्या हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' असं लिहिलेला. सार असं: दुकान-हॉटेलचा कचरा उचलणं ही सर्वस्वी पालिकेची जबाबदारी. मालमत्ता करात त्याचे पैसे आधीच घेतलेत, तेव्हा वेगळं शुल्क म्हणजे लूट. रोजचा कचरा 100 किलोच्या आत असेल तर कुठलाच नियम लागू नाही. ओला-सुका वेगळा करू नका, गाडीत एकत्रच होतो. आणि खासगी माणसाला कचरा दिला की आपण सुटलो.

बारा वर्षं मी उपाहारगृह चालवलं. यातल्या दोन समजुती माझ्याही होत्या, आणि एकीपायी दंड भरलाय.

पालिकेच्या जबाबदारीचं म्हणणं अर्धं खरं आहे. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दारोदार कचरा गोळा करण्याचं काम स्थानिक संस्थेवर टाकलं आणि त्यात घरांसोबत व्यापारी जागाही धरल्या. पण 'सर्वस्वी' हा शब्द कुठून आला? मुंबई महापालिकेचा 1888 चा कायदा उघडून बघा. धंद्यातून निघणाऱ्या कचऱ्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे, आणि तो गोळा करून नेमल्या वेळी नेमल्या जागी आणून ठेवणं हे कलम 368 मध्ये मालकाचं आणि भोगवटादाराचं, म्हणजे जागा वापरणाऱ्याचं, काम आहे. म्हणजे हा जाच काही नवा नाही, तो राणीच्या राज्यापासून चालत आलाय.

शुल्काबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कर वेगळा, शुल्क वेगळं. उपविधीत, म्हणजे पालिकेच्या स्थानिक नियमांत, ठरेल ते शुल्क कचरा करणाऱ्या प्रत्येकाने द्यायचं, असं 2016 च्या नियमांत सरळ लिहिलं होतं. दर जास्त वाटला तर जरूर भांडा, आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

100 किलोचा मुद्दा मात्र फसवा आहे, कारण आकडा खरा आहे. 2016 च्या नियमांत रोज सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणारा तो 'मोठा कचरा उत्पादक' होता, आणि त्याच्यावर जादा जबाबदाऱ्या होत्या. त्याच्या आतल्यांना सगळं माफ, हे मेसेज लिहिणाऱ्याने पदरचं घातलं. वर्गीकरण पहिल्यापासून सगळ्यांनाच होतं, अगदी वडापावच्या गाडीनेसुद्धा डबा ठेवायचाच होता. हॉटेलांसाठी तर वेगळं कलम होतं आणि त्यात किलोची अटच नव्हती: कचरा जागेवरच वेगळा करा, ओल्याचं जमेल तितकं आवारातच खत किंवा बायोगॅस करा. आता 1 एप्रिल 2026 पासून 2026 चे नियम आलेत. त्यात कप्पे चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी लागणारा (बल्ब, औषधं, रंगाचे डबे असा). 'मोठा' ठरायलाही आता तीन वाटा आहेत: 20,000 चौरस मीटर क्षेत्रफळ, दिवसाला 40,000 लिटर पाणी किंवा 100 किलो कचरा, यातली एक पुरे.

आणि 100 किलो म्हणजे किती, याचाही अंदाज आपल्याला नसतो. मी एकदा रात्री भाजीवाल्याचा काटा आणून ड्रम चढवला होता. दिवसभरात फार तर तीस-चाळीस किलो होत असेल, असं मी छातीठोकपणे सांगत असे. काटा साठाच्या पुढे गेला, आणि ती साधी बुधवारची रात्र होती. खरकट्यात पाणीच जास्त. रस्सा, ताक, भाताची पेज, सगळं वजनात येतं.

'गाडीत एकत्रच होतो' ही तक्रार मात्र मी झटकून टाकणार नाही. दोन कप्प्यांच्या घंटागाडीत दोन्ही डबे एकाच बाजूला उलटताना मी स्वतः पाहिलंय. राग येतोच. त्यावर उपाय गाडीचा नंबर टिपून, फोटोसह वॉर्ड ऑफिसात तक्रार हा आहे. आपणही मिसळून द्यायचा म्हटलं तर नुकसान गाडी येण्याआधीच होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर सांबार सांडलं की अर्ध्या तासात त्याचा लगदा होतो, मग भंगारवाला त्याला हात लावत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यात शिळा भात गेला की तो डबाही गेला. कोरडा ठेवला असता तर त्याचे पैसे आले असते, आता तोच माल वजन वाढवून डेपोवर जातो. तिथे ढिगाखाली हवा न मिळता ओलं कुजलं की मिथेन होतो, आणि आग लागली की तो तिला हातभार लावतो. शिवाय कुजक्या खरकट्यातून बाटल्या वेचणारी बाई हातमोज्यांशिवाय काम करत असते, हे मेसेज लिहिणाऱ्याला दिसत नसावं.

आता माझा दंड. अधिकृत संस्थेपेक्षा स्वस्तात एक टेम्पोवाला रोज रात्री पिशव्या न्यायचा. कुठे नेतो, मी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मुकादम दुकानात आला आणि त्याने गल्ल्यावर एक ओला कागद ठेवला. वर माझ्या हॉटेलचं नाव, खाली टेबल नंबर, दोन मिसळ, एक ताक. पिशवी नाल्याच्या कडेला सापडली होती. टेम्पोवाल्याचा फोन तोवर बंद. पावती फाटली ती माझ्या नावाने. घेणारा अधिकृत आहे का, हे आधी बघायचं काम माझं होतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र खरी अडचण आहे. आमच्याकडे गाडी सकाळी साडेसातला यायची आणि हॉटेल बंद व्हायचं रात्री साडेअकराला. मधले आठ तास ओला कचरा दारात, त्यावर कुत्री आणि उंदीर. रात्री बारानंतर एक फेरी द्या, या मागणीचं पत्र तयार करा. पहिली सही माझी घ्या.