मखमलीने काचेवर खाचा पडत नाहीत

गेले काही महिने एक मजकूर विज्ञानशिक्षकांच्या आणि हौशी मंडळींच्या गटांतून फिरतो आहे. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघे स्वतः शिकवणारे. मजकुराचा सारांश असा: एलसीडी पडद्याची काच मखमली कापडाने घासून तिच्यावर बारीक खाचा पाडतात आणि लिक्विड क्रिस्टल या वाहत्या, तरी रेणू एका दिशेला राखणाऱ्या पदार्थाचे लांबट रेणू त्या खाचांत काडेपेटीतल्या काड्यांसारखे बसतात. खरं काम मात्र वीजच करते, खाचा फक्त सुरुवातीला मदतीला. ही युक्ती सत्तरच्या दशकात एका जपानी कारखान्यात काच पुसताना योगायोगाने सापडली. आता हे काम लेझरने होतं, कापड बंद झालं. आणि ओएलईडी, म्हणजे स्वतःच उजळणाऱ्या ठिपक्यांचे पडदे, आल्यावर तर हा सगळा प्रकारच इतिहासजमा झाला.

प्रत्येक विधानात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ते पटतं. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं अशा काचा घासल्या आणि विद्यार्थ्यांकडून घासून घेतल्या. त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

खाचांपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुका तिथूनच फुटतात.

पहिली गोष्ट, काच घासतच नाहीत. काचेवर आधी पारदर्शक विद्युतवाहक थर असतो. त्यावर पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा लेप देतात आणि तो दोनशे अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. कारखान्यात रूळ फिरतो तो या लेपावरून, आणि रुळाला रेयॉनचं किंवा सुताचं लव असलेलं कापड गुंडाळलेलं असतं. काचेला त्याचा स्पर्शही होत नाही.

लेपावर ओरखडे पडतात का? पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही नॅनोमीटर खोलीच्या रेघा दिसतात. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेच्या ड्वाइट बेरेमन यांनी या रेघांवरून एक सुरेख युक्तिवाद मांडला. रेणू खाचेला आडवे पडले तर त्यांना प्रत्येक उंचवट्यावर वाकावं लागतं. खाचेच्या दिशेने पडले तर वाकावं लागत नाही, म्हणून तीच दिशा त्यांना स्वस्त पडते. हा युक्तिवाद चुकीचा नाही. मुद्दाम कोरलेल्या दाट, खोल खाचांवर लिक्विड क्रिस्टल खरोखरच त्या दिशेला लागतं. पण त्यातही रेणू खाचेत ‘बसत’ नाहीत हे लक्षात घ्यायला हवं. रेणूची लांबी जेमतेम दोन नॅनोमीटर, आणि रेघेची रुंदी त्याच्या कित्येक पट. शेताच्या बांधाला टेकून गव्हाचा एक दाणा ठेवावा, तसं ते प्रमाण आहे. घासलेल्या पॉलिइमाइडची पकड मात्र या वाकण्याच्या हिशेबातून येते त्याहून खूपच घट्ट असते.

याहून मोठी अडचण दिशेची आहे. खाचेला दोन टोकं असतात, पण त्यातलं पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं हे खाच सांगू शकत नाही. घासलेल्या लेपावर मात्र रेणू एका बाजूचं टोक दोन-चार अंशांनी वर उचलून बसतात. कोणतं टोक उचलायचं हे रूळ कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेला यावर ठरतं. मखमलीवरून हात फिरवून बघा, एकीकडून मऊ लागते आणि उलट फिरवला की लव उभी राहते. घासलेल्या लेपालाही तसंच पुढचं-मागचं कळतं. रेघेला ते कळायचं काही कारण नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण ती साध्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी बघता येते. दोन काचपट्ट्या घ्यायच्या. एकीवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पाण्यातलं पातळ द्रावण पसरून वाळवायचं. दुसरीवर पॉलिस्टायरीनचा लेप द्यायचा. खोक्यातला थर्माकोल टोल्युइनमध्ये विरघळवला तरी चालतो, फक्त ते काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं. दोन्हींवरून मखमलीचा तुकडा एकाच दिशेने, हलक्या हाताने, दहा-बारा वेळा ओढायचा. मग घासलेल्या बाजू समोरासमोर आणि घासण्याच्या दिशा समांतर ठेवून पट्ट्या जोडायच्या, मध्ये काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या मायलर या प्लास्टिकच्या चिंचोळ्या पट्ट्या. कडेला ५सीबी या लिक्विड क्रिस्टलचा थेंब ठेवला की तो आपोआप आत ओढला जातो. भरताना काच किंचित गरम हवी, नाहीतर वाहण्याच्या दिशेचा ठसा राहून जातो. ५सीबी साधारण २४ ते ३५ अंशांच्या दरम्यानच लिक्विड क्रिस्टल असतं. पस्तिशीच्या वर ते साध्या द्रवासारखं होतं आणि सगळी किमया नाहीशी होते. पुण्यात मे महिन्यात आम्ही हा प्रयोग सकाळी आठला उरकायचो, ते याचसाठी.

आता ही जोडी एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये धरायची, घासण्याची दिशा एका पोलरायझरला समांतर ठेवून. खाचांचं म्हणणं खरं असेल तर दोन्ही पट्ट्यांवर रेणू घासण्याच्या दिशेनेच पडायला हवेत, आणि चौकट काळी दिसायला हवी. दोन्ही पट्ट्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या घेतल्या तर ती तशी काळी दिसतेही. पण थर्माकोलवाली जोडी उजळ दिसते. प्रकाश आतून जाताना नव्वद अंश वळून येतो, म्हणजे पॉलिस्टायरीनवर रेणू घासण्याच्या दिशेला आडवे पडलेले आहेत. नीट पाहिलं तर उजळ भागातून बारीक नागमोडी रेषा गेलेल्या दिसतात. रेणूंच्या रांगेने कुठे डावीकडून पीळ घेतलेला असतो, कुठे उजवीकडून, आणि त्या दोन प्रदेशांच्या सीमा म्हणजे या रेषा. पहिल्यांदा ही चौकट उजळलेली पाहिली तेव्हा आमच्या एका विद्यार्थिनीने पट्ट्या चुकून काटकोनात लावल्या असं समजून त्या सोडवल्या आणि पुन्हा लावल्या. तरी ती उजळच.

कापड तेच, हात तोच, रेघाही तशाच, आणि रेणू मात्र आडवे. खाचांच्या हिशेबात हे बसवता येत नाही.

मग दिशा ठरते कशाने? लेपाच्या अगदी वरच्या भागातल्या पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या, साखळ्यांनी. वाडग्यातल्या शेवयांसारख्या त्या गुंतलेल्या असतात. कापडाची लव त्यांना ओढून, विंचरून एका दिशेला लावते. लिक्विड क्रिस्टलचे रेणू त्या साखळ्यांशी, विशेषतः त्यांच्यातल्या बेंझीनच्या चकत्यांशी, जवळीक करतात आणि तीच दिशा घेतात. पॉलिस्टायरीनमध्ये या चकत्या साखळीच्या अंगाला बाहेर लोंबतात. साखळी घासण्याच्या दिशेने ताणली गेली की चकत्या आडव्या होतात आणि रेणूही आडवे. १९८७ मध्ये बेल लॅब्जच्याच गिअरी आणि सहकाऱ्यांनी साखळ्यांच्या बाजूने भक्कम पुरावा दिला. १९९५ मध्ये आयबीएमच्या मायकेल टोनी आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाणाऱ्या क्ष-किरणांनी दाखवलं की घासलेल्या पॉलिइमाइडच्या वरच्या काही नॅनोमीटरमध्ये साखळ्या खरोखर एका दिशेला लागलेल्या असतात. प्लास्टिक मऊ होण्याच्या कितीतरी खालच्या तापमानाला, नुसत्या कापडाने! मला हे आजही थक्क करतं.

ज्यांना तरी खाचाच हव्या असतील त्यांनी लेसिथिनचा विचार करावा. चॉकलेटच्या वेष्टनावर सोया लेसिथिन लिहिलेलं असतं, तेच. त्याचा पुसट थर काचेवर दिला की लिक्विड क्रिस्टलचे रेणू काचेवर सरळ उभे राहतात. ना घासणं, ना रेघ. लेसिथिनच्या तेलकट शेपट्या काचेतून वर उभ्या असतात आणि रेणू त्यांच्याशी समांतर होतात, इतकंच.

आता दुसरं विधान: खरं काम वीजच करते. घरातला साधा कॅल्क्युलेटर घ्या. त्यात आकडे काळे दिसतात, तिथे वीज दिलेली असते. उरलेला सगळा फिकट भाग विजेशिवाय आहे, आणि तिथे रेणू खालच्या काचेपासून वरच्या काचेपर्यंत नव्वद अंशांचा पीळ घेऊन शिस्तीत लागलेले आहेत. तो पीळ फक्त दोन पृष्ठभागांनी दिलेला आहे. पृष्ठभागाला चिकटलेला पहिला थर शेजारच्याला दिशा सांगतो, तो पुढच्याला, असं करत पाच मायक्रॉनची जाडी पार होते. वीज हा पीळ मोडते, मग प्रकाश वळत नाही, अडतो आणि आकडा काळा दिसतो. बंद केली की रेणूंना जागेवर परत आणायला तिच्याकडे काहीच उरत नाही. परत आणतात ते पृष्ठभाग. वीज देतानाही रेणूंनी कोणत्या अंगाने उठायचं हे त्या दोन-चार अंशांच्या कलाने आधीच ठरवलेलं असतं. तो कल नसेल तर काही रेणू एका अंगाने उठतील, काही दुसऱ्या, आणि पडद्यावर डाग दिसतील.

जपानी कारखान्यातल्या योगायोगाची गोष्ट तर सरळ चूक आहे. घासून दिशा देता येते हे फ्रान्समध्ये चार्ल्स मोगाँ यांनी १९११ साली नोंदवलं, आणि प्येर शातलँ यांनी १९४३ मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पीळ असलेल्या पडद्याचं पेटंट मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी डिसेंबर १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या हॉफमन-ला रोश कंपनीकडून दाखल केलं. त्याच काळात अमेरिकेत जेम्स फर्गसनही याच कल्पनेपर्यंत पोचले होते. जपानचं श्रेय वेगळं आहे आणि मोठं आहे. हा पडदा घराघरांत पोचवणारी उत्पादनाची शिस्त तिथे घडली. या लेपांचं पॉलिइमाइड बनवण्यात निस्सान केमिकल आणि जेएसआर ही जपानी नावं अग्रणी ठरली. खरं श्रेय इतकं भरघोस असताना काच पुसण्याची खोटी गोष्ट त्यांच्या नावावर का घालायची?

चौथं विधान, आता हे काम लेझरने होतं आणि कापड बंद झालं. कापडाला पर्याय शोधला गेला हे खरं, आणि त्यामागची तक्रारही रास्त आहे. घासताना कापडाचे तंतू आणि धूळ सुटते, स्थिर वीज साठते आणि काचेवरचे नाजूक ट्रान्झिस्टर त्याने जळू शकतात. तीन मीटरच्या आसपास लांबीची काच सगळीकडे सारख्या दाबाने घासणं हे तर दिव्यच.

पर्याय अनेक निघाले. १९७२ मध्ये जॉन जॅनिंग यांनी तिरक्या कोनातून सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ बसवून दिशा देता येते हे दाखवलं. असे अजैविक थर प्रोजेक्टरमधल्या छोट्या पडद्यांत उपयोगी पडतात, कारण तिथल्या प्रखर प्रकाशात पॉलिइमाइड टिकत नाही. २००१ मध्ये आयबीएमचे प्रवीण चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिऱ्यासारख्या कार्बनच्या पातळ थरावर कमी ऊर्जेच्या आयनांचा तिरका झोत सोडून तेच साधलं. चौधरी मूळचे लुधियानाचे, आयआयटी खरगपूरचे विद्यार्थी. त्यांचं हे काम आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, ते सांगायला हवं.

प्रकाशाने दिशा देण्याची पद्धत यातली सर्वांत यशस्वी. अॅझो नावाच्या रंगद्रव्यांचे रेणू ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) प्रकाशात वळत वळत शेवटी प्रकाशाच्या कंपनदिशेला काटकोनात स्थिरावतात, आणि लिक्विड क्रिस्टल त्यांच्यामागे जातं. काही पॉलिइमाइडमध्ये अतिनील प्रकाश एका दिशेतल्या साखळ्या तोडतो आणि आडव्या साखळ्या शाबूत ठेवतो. १९९१ चा गिबन्स आणि सहकाऱ्यांचा प्रयोग लेझरने झाला होता, कदाचित मजकुरातला लेझर तिथून आला असेल. कारखान्यांत मात्र अतिनील दिवे आणि पोलरायझर वापरतात. शार्पने २००९ मध्ये या पद्धतीचे टीव्ही जाहीर केले, अॅपलने २०१४ मध्ये आयफोन ६ च्या पडद्यासाठी तिचा उल्लेख केला. पण म्हणून कापड संपलेलं नाही. असंख्य साधे पडदे आजही रुळाखालून जातात. सुरुवातीच्या प्रकाशवाल्या थरांची पकड सैल होती आणि आधीच्या चित्राची पुसट छाया पडद्यावर रेंगाळायची, त्यावर मात करायला बरीच वर्षं गेली.

आणि इथेच खाचांची कल्पना विद्यार्थ्यांचं खरं नुकसान करते. ज्याने ‘खाचांत बसलेले रेणू’ पाठ केले, त्याला प्रकाशाने काहीही न कोरता रेणू कसे लागतात हे कळूच शकत नाही. त्याला ती वेगळी जादू वाटते. साखळ्यांचं चित्र डोक्यात असेल तर कापड, प्रकाश, आयनांचा झोत, लेसिथिन हे सगळं एकाच प्रश्नाचं उत्तर होतं: पृष्ठभागावरचे रेणू एका दिशेला कसे लावायचे.

राहिलं ओएलईडी. त्यात प्रकाश अडवणारी-सोडणारी लिक्विड क्रिस्टलची झडप नसते हे बरोबर. पण उन्हात त्याचा पडदा आरशासारखा चमकू नये म्हणून वर बहुतेकदा एक ‘वर्तुळाकार’ पोलरायझर (प्रकाशाची कंपनदिशा गोल फिरती करणारा) लावतात. त्यातली प्रकाशाचा वेग दोन दिशांना वेगवेगळा ठेवणारी पातळ फिल्म अनेकदा लिक्विड क्रिस्टल एका दिशेला लावून आणि मग तिथेच घट्ट गोठवून बनवलेली असते. तिला ती दिशा देणारा थर कुठे घासलेला असतो, कुठे प्रकाशाने लावलेला.