पॅच का नाही मारला, दोन्ही बलून का बदलले: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर होता आणि आधी मूळ लेख दुरुस्त करणं भाग होतं. तो दुरुस्त केलाय, आता लिहितो.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझी २०१४ ची सात सीटर जर्मन एसयूव्ही आहे. पुढे साध्या कॉइल स्प्रिंग, मागे एअर स्प्रिंग, म्हणजे स्टीलऐवजी आत हवा भरलेलं रबर, गॅरेजच्या भाषेत बलून. मागचा डावा बलून हवा सोडायला लागला. मी आणि माझ्या मावसभावाने त्याच्या शेडमध्ये मागचे दोन्ही बलून बदलले आणि ते काम कसं केलं ते मी लिहिलं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी म्हणालात. असली कामं घरी करायला सांगून मी लोकांच्या जिवाशी खेळतोय. एकच बाजू गळत असताना दोन्ही बलून बदलणं ही उधळपट्टी आहे, कारण तुमच्या गॅरेजमध्ये पंक्चर काढल्यासारखा पॅच मारून गाड्या चालल्या आहेत. आणि आपल्या रस्त्यांना एअर सस्पेन्शन झेपत नाही, सरळ कॉइल टाकून मोकळं व्हावं.

पहिला मुद्दा मान्य. मी ‘गाडी जॅकवर घ्या, फ्यूज काढा, चाक काढा’ एवढंच लिहिलं होतं. आम्ही गाडी भक्कम स्टँडवर ठेवली होती, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले होते, आणि यातलं काहीच लेखात नव्हतं. तीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाला ते खटकणारच. एअरच्या गाडीत तर धोका दुप्पट. लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, एका बारीक दांडीने उंचीचा सेन्सर जोडलेला असतो. गाडी उचलली की चाक लोंबतं, सेन्सरला वाटतं गाडी फार वर गेली, आणि यंत्रणा बलूनमधली हवा सोडून तिला खाली आणायला बघते. काही गाड्यांत जॅकसाठी वेगळी सोय असते, ती चालू करायला माणूस विसरतो. एअर यंत्रणेचा फ्यूज काढायचा तो यासाठी. आणि फ्यूज काढला तरी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही ते नाहीच.

याहून महत्त्वाची गोष्ट मी लेखात एका वाक्यात उरकली होती, ती आता ठळक केली आहे: नवा बलून रिकामा असताना त्याच्यावर गाडीचं वजन सोडायचं नाही. नवा बलून हातात घेतला तर तो मऊ, ढिला असतो. रबराची खालची घडी पिस्टनवर, म्हणजे बलूनच्या टणक बुडावर, नीट गोल बसते ती आत हवा आल्यावरच. हवा नसताना जॅक सोडला तर रबर कसंही दुमडतं, पिस्टन आणि वरच्या झाकणात चिमटतं, आणि पहिल्याच खड्ड्यात तिथून फाटतं. हजारोंचा पार्ट पाच मिनिटांत कचरा. आम्ही बलून जागेवर बसवला, नळी जोडली, फ्यूज परत लावला, गाडी स्टँडवरच ठेवून स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने, थोडी थोडी हवा भरली. भाऊ बाजूने टॉर्च मारत होता आणि मी घडीवरून बोट फिरवून चारी बाजूंनी सारखी गोलाई आली का ते बघत होतो. मागच्या अंगाला एक वळी राहिली होती. हवा सोडली, बलून थोडा फिरवला, परत भरली. मग जॅक थोडा थोडा खाली. आणि बलून गाडीच्या बाहेर, हातात धरून हवा भरून बघायचा मोह कुणीही करू नये. वरखाली धरायला काही नसेल तर रबर पिस्टनवरून उडू शकतं.

आता पॅच. इथे मला तुमच्याशी वाद घालायचाय, आणि तो आदर ठेवूनच.

काढलेला डावा बलून हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. साबणाचं पाणी मारलं तेव्हा बुडबुडे एकाच जागी येत होते, मागच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्यात. तेवढंच बघितलं असतं तर मलाही पॅचच सुचला असता. पण बाहेर काढून रबर दोन्ही अंगठ्यांनी ताणलं तर घडीच्या रेषेवर टाचेला पडतात तशा भेगा आहेत, पूर्ण गोलाकार. एका ठिकाणी आतल्या नायलॉनच्या दोऱ्याची जाळी उघडी पडली आहे. हवा एका भेगेतून जात होती, बाकीच्या रांगेत उभ्या होत्या.

ट्यूबचा पॅच टिकतो कारण ट्यूब टायरच्या आत दाबून बसलेली असते, तिला घडी पडत नाही. बलूनचं रबर प्रत्येक खड्ड्याला पिस्टनवर खाली गुंडाळतं आणि परत उलगडतं. भिंत जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. तिच्यावर पॅच चिकटवला की ती जागा ताठ होते, आणि ताठ जागेच्या कडेला पुढची भेग पडते. त्यात दाब बघा. समजा एका बलूनवर ७०० किलो भार येतो आणि तो पेलणारं क्षेत्रफळ १२५ चौरस सेंटीमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेपाच किलोच्या वर, गॅरेजच्या मापात ८० पीएसआय. टायरमध्ये आपण पस्तीसच्या आसपास भरतो. गाडी नुसती उभी असतानाचा हा हिशेब आहे, खड्ड्यात आदळल्यावरचा वेगळा.

तरीही तुमच्या गाड्या पॅचवर चालल्या असतील यावर माझा विश्वास आहे. चालल्या म्हणजे गाडी वर राहिली. ती वर ठेवायला बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर किती पळाला, हे कुणी मोजलं होतं का? माझा सगळा लेख खरं तर या प्रश्नासाठी होता आणि मी तो नीट मांडला नाही, म्हणून इथे मांडतो.

हा कॉम्प्रेसर म्हणजे लहानसा पिस्टन असलेली इलेक्ट्रिक मोटर. थोडा वेळ चालायचं, गाडी पातळीवर आणायची आणि गप्प बसायचं, एवढ्यासाठीच तो बनवलेला असतो. बलून बारीक गळत असला तरी गाडी वर दिसते, कारण कॉम्प्रेसर सारखा भरत राहतो. तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते, दाब कमी येतो, म्हणून आणखी जास्त वेळ चालतो. एक दिवस रिलेचे, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटतात आणि गाडी बंद केली तरी मोटर घुमत राहते.

आणि ड्रायर. तो फार कुणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर हवा बाहेरून ओढतो, ती दमट असते. म्हणून वाटेत ओल शोषणाऱ्या मण्यांची डबी बसवलेली असते. मणी ओल धरतात आणि कोरडी हवा पुढे बलूनमध्ये जाते. गाडी खाली घ्यायची वेळ आली की तीच कोरडी हवा उलट्या वाटेने त्याच डबीतून बाहेर पडते आणि जाताना मणी परत कोरडे करते. ज्याने कुणी हे योजलं त्याला माझा नमस्कार आहे, कारण धड बलून असेल तर ही डबी वर्षानुवर्षं स्वतःला सुकवत राहते. आता बलूनला भेग पडली असं धरा. हवा आत येते ती डबीतून, पण बाहेर जाते ती भेगेतून. मण्यांना ओल मिळत राहते, परतीची कोरडी हवा मिळतच नाही. त्यात आपला पावसाळा. मणी गच्च होतात, पाणी पुढे सरकतं, वाल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे हवा कुठल्या बलूनला जायची ते ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, जातं, तिथे गंज धरतो. मग वाल्व्ह नीट मिटत नाही आणि चांगल्या बाजूची हवाही उतरायला लागते. एका भेगेतून सगळी यंत्रणा आजारी पडते ती अशी.

हे पुस्तकातून सांगत नाही. जून ते ऑगस्ट मी हेच केलं. सकाळी गाडी डावीकडे कलंडलेली दिसायची, स्टार्ट केली की दोन मिनिटांत उभी राहायची, आणि मी ऑफिसला जायचो. ऑगस्टच्या शेवटी आईवडिलांना घेऊन कसाऱ्याचा घाट चढताना लाल दिवा लागला आणि मागची बाजू बसली. पावसात, ट्रकांच्या रांगेत, मागे वयस्कर माणसं बसलेली, आणि गाडी प्रत्येक खड्ड्याला खालच्या रबरी ठोकळ्यांवर आदळत होती. आईने समोरची सीट दोन्ही हातांनी धरली होती. बलून वेळेत बदलला असता तर कॉम्प्रेसर आणि रिले वाचले असते. शेवटी तिन्हींचे पैसे मोजले.

दोन्ही बलून का, याचं उत्तर यातच आहे. उजवा गळत नव्हता, पण चाक काढून बघितलं तर घडीवर त्याच भेगा, थोड्या बारीक. त्याच वर्षाचं रबर, तेवढेच किलोमीटर, तोच चिखल. तो ठेवला असता तर नव्या कॉम्प्रेसरला सहा महिन्यांत जुनंच दुखणं मिळालं असतं. पण ‘कायम दोन्ही बदलाच’ असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. एखादा बलून दगडाने फाटला असेल, किंवा एक बाजू वर्षादोन वर्षांपूर्वीच बदललेली असेल, तर एकच बदलावा. तपासल्याशिवाय सरसकट दोन्ही बदलायला लावणं चुकीचं आहे.

कॉइलबद्दल. हा सल्ला एअर सस्पेन्शनएवढाच जुना आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रॉम ही एअर सस्पेन्शनची गाडी काढली. ती गळायला लागल्यावर तिच्या कितीतरी मालकांनी कॉइलच टाकून घेतल्या. तेव्हाचं रबर आणि वाल्व्ह बघता त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण १९९२ मध्ये रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं, तिथून पुढे बरंच काही बदललं. आणि ‘आपल्या रस्त्यांना झेपत नाही’ म्हणाल, तर दादर-पुणे शिवनेरीच्या व्हॉल्वो बस एअरवरच धावत आल्या आहेत. फरक एवढा की बसचा बलून जाड असतो, हवा इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरची असते, आणि बसखाली रोज कुणीतरी वाकून बघतं. आपण गाडीखाली शेवटचं कधी वाकलो होतो?

माझ्या गाडीला मी कॉइल टाकणार नाही, कारण मागच्या सीट भरल्या की एअरची खरी किंमत कळते. वजन वाढलं की यंत्रणा दाब वाढवते, गाडी पातळीत राहते आणि स्प्रिंगचा ताठपणाही वजनाच्या बेताने वाढतो. कॉइलला ते जमत नाही. सात माणसांच्या हिशेबाने ताठ कॉइल घेतली तर एकटा चालवताना गाडी उधळते, मऊ घेतली तर सगळे बसल्यावर शेपूट खाली आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. शिवाय डॅशबोर्डवरचा दिवा कोडिंग करून, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून, विझवावा लागतो, आणि विम्याच्या कंपनीला लेखी विचारल्याशिवाय असा बदल करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी पंधरा वर्षांची झाली, किंमत उतरली, आणि बलून, कॉम्प्रेसर, वाल्व्ह ब्लॉक सगळंच गेलं, तर मात्र चांगल्या कंपनीचा कॉइलचा संच घालणं शहाणपणाचं. तिथे आपलं दोघांचं एकमत आहे.

एक विनंती तुमच्यासारख्या गॅरेजवाल्यांनाच करायची आहे. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, जीपला ते चालून गेलं. बलूनच्या रबराला ते पोसत नाही, फुगवतं आणि सैल करतं. एअरची गाडी आली तर पोरांना तेवढं सांगून ठेवा. बलूनला नुसतं साधं पाणी, आणि घडीत अडकलेली खडी धुऊन काढायची, कारण तीच रबर कापते. आणि नळी तोडायची असेल तर पकडीने नको, नव्या ब्लेडने काटकोनात. पकडीने तोडलेलं टोक चपटं होतं, पितळी रिंग त्यावर नीट चावत नाही, आणि नवा बलून पहिल्या दिवसापासून नळीच्या सांध्यातून गळतो. उजवीकडे आमचं हेच झालं. सगळं परत उघडावं लागलं.

तुम्ही पॅच मारलेली एखादी गाडी अजून येत असेल तर एक करून बघाल का? ती सपाट जागेवर उभी करा. रात्री मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजा, सकाळी स्टार्ट करायच्या आधी परत मोजा. मग स्टार्ट करून कॉम्प्रेसर किती सेकंद चालतो ते घड्याळावर बघा. माझ्या गाडीचं माप बलून बदलायच्या आधी डावीकडे एका रात्रीत ६२ मिलिमीटरने उतरत होतं. आज सकाळी, आठ महिन्यांनंतर, दोन्ही बाजूंचं माप रात्रीएवढंच होतं आणि कॉम्प्रेसर चालूच झाला नाही. तुमचे आकडे इथे लिहा. ते माझ्या म्हणण्याच्या उलट आले तरी मूळ लेखात तुमच्या अनुभवासकट घालीन.